बंबाची वर्गणी: अमेरिकेत शहराबाहेर घर घेणाऱ्यांसाठी

नॉक्सव्हिलपासून पाऊण तासावर, पूर्व टेनेसीतल्या एका डोंगरउतारावर आम्ही घर घेतलं, त्या वर्षी ऑक्टोबरात एक साधं पांढरं पाकीट आलं. आत हिरव्या कागदावर झेरॉक्स काढलेलं पत्र, वर बंबाचं चित्र, खाली १०० डॉलरचा आकडा आणि 'चेक या पत्त्यावर पाठवा'. मला वाटलं, कुठल्या तरी संस्थेला मदत हवी असेल. पिझ्झाच्या कुपनांबरोबर तेही कचऱ्यात गेलं. मार्चमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कुंपणापाशी सहज विचारलं, "फायरचे भरलेत ना?" तेव्हा उजेड पडला. ती देणगी नव्हती. आमच्या घराला आग लागली तर येणाऱ्या एकुलत्या एका बंबाची ती वर्षाची वर्गणी होती.

शहरात राहणाऱ्याला हे खरं वाटत नाही. ९११ फिरवलं की लाल गाडी येणार, तिचे पैसे करातून जाणार, त्यात विचार कसला करायचा? पण शहराची हद्द संपली की हिशेब बदलतो. एकर-दोन एकर जागा घेऊन बाहेर राहायला गेलेल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत या पाकिटाचा असाच गोंधळ झालाय. म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतो.

आधी चार शब्द

२०२० च्या अंदाजानुसार अमेरिकेत अग्निशमन दलांत सुमारे १० लाख ४१ हजार जवान होते आणि त्यांतले ६ लाख ७७ हजार स्वयंसेवक. तीनांतले जवळजवळ दोन. कोणी शाळेची बस चालवतो, कोणी प्लंबर आहे, कोणी गाई पाळतो. पेजर वाजला की हातातलं टाकून पळायचं, पगार नाही. १९८४ मध्ये हेच स्वयंसेवक नऊ लाखांच्या आसपास होते. माणसं कमी झाली, सामान महाग झालं. त्यामुळे पूर्वी पॅनकेकच्या नाश्त्यावर आणि बार्बेक्यूच्या ताटांवर जे भागायचं ते आता भागत नाही.

पैसे गोळा करायच्या चार तऱ्हा आहेत आणि चारही समजायला आपल्याकडचे शब्द पुरतात.

घरपट्टी: घराच्या किमतीवर कर. टेक्सासात 'इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट' असतात (डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नव्हे, एखाद्या सेवेसाठी आखलेला, कर लावू शकणारा भाग). त्यांना दर १०० डॉलर किमतीमागे जास्तीत जास्त १० सेंट लावता येतात. नॉर्थ कॅरोलिनात ग्रामीण अग्निशमन डिस्ट्रिक्टला मतदारांनी मंजुरी दिली तर ही मर्यादा १५ सेंट आहे. १० सेंटांच्या दराने ३ लाखांच्या घराला वर्षाला ३०० डॉलर पडतात.

पाणीपट्टी: किंमत काहीही असो, घरामागे ठरीव रक्कम. फ्लोरिडात कराच्या बिलावर 'फायर असेसमेंट' म्हणून वेगळी ओळ येते ती ही. वेस्ट व्हर्जिनियातल्या काउंट्यांनाही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अशी फी लावता येते.

वर्गणी: दल स्वतः पत्र पाठवतं, तुम्ही भरता किंवा भरत नाही. टेनेसीत ही जुनी रीत आहे.

देणगी: चौकात रबरी बूट पुढे करून उभे असलेले जवान, चर्चच्या आवारातला फिश फ्राय, बिंगो.

बऱ्याच ठिकाणी यांचं मिश्रण असतं. पट्टी आहे तरी फिश फ्राय होतोच, आणि व्हावाही. नव्या माणसाला गाव कळतं ते तिथेच.

पायरी १: तुमचा बंब कोणाचा ते शोधा

टपालाच्या पत्त्यावरून ठरवू नका. पत्त्यात 'नॉक्सव्हिल' लिहिलंय म्हणून तुम्ही नॉक्सव्हिल शहरात आहात असं मुळीच नाही. ते फक्त टपाल खात्याच्या सोयीचं नाव. काउंटीच्या असेसरच्या (करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर आपला पत्ता टाका. जमिनीच्या नोंदीत शहराची हद्द आणि टॅक्स डिस्ट्रिक्ट दिसतं. अग्निशमन डिस्ट्रिक्ट असेल तर तेही तिथेच सापडतं.

तिथे काही नसेल तर शेरिफच्या कार्यालयाचा साधा नंबर फिरवा (९११ नव्हे!) आणि विचारा, "या पत्त्यावर पहिल्यांदा कोणतं दल निघतं?" मग त्या दलाच्या स्टेशनवर जा. बहुतेक दलांची सरावाची संध्याकाळ ठरलेली असते. त्या वेळी गेलात तर चीफ भेटतो, कॉफी मिळते आणि पाच मिनिटांत सगळं कळतं. दिवसा गेलात तर कुलूप.

घर अजून घेतलं नसेल तर हीच चौकशी आधी करा. एजंटला विहिरीची खोली आणि सेप्टिक टँकचं वय विचारतो, तसंच बंबाचंही विचारावं.

पायरी २: पैसे कोणत्या वाटेने जातात ते पाहा

नव्याने घर घेणारे सगळ्यात जास्त इथे फसतात. गृहकर्ज असेल तर घरपट्टी आणि विमा बँक एस्क्रो खात्यातून (हप्त्याबरोबर यासाठी घेतलेले पैसे ठेवायचं खातं) परस्पर भरते, आणि आपल्याला सवय लागते की घराचं जे काही असेल ते बँक बघून घेईल. दलाचे पैसे कराच्या बिलावर असतील तर हे खरंच आहे. पण वर्गणी असेल तर ती बँकेला माहीतच नसते. बिल तुमच्या नावाने, साध्या टपालाने, कधी मागच्या मालकाच्या नावाने येतं. ते कचऱ्यात गेलं तर आठवण करून देणारं कोणी नाही. आमच्या शेजाऱ्यांसारखा कोणी असेल तर तेवढंच.

केंटकीतल्या काही काउंट्यांत मधला मार्ग काढलाय. दलाची वर्गणी कराच्या बिलावरच छापतात, नको असेल तर ठरलेल्या मुदतीत तसं कळवून वगळून घ्यायची. माणसाचा आळस दलाच्या बाजूने कामाला लावायची ही युक्ती मला फार आवडली.

बिल हातात आलं की तीन गोष्टी पाहा. रक्कम घरामागे आहे की जमिनीच्या तुकड्यामागे? घराशेजारी रिकामा प्लॉट वेगळ्या नोंदीचा असेल तर त्याचं वेगळं आकारतात का? आणि घर भाड्याने दिलं असेल तर भरायचं कोणी? भाडेकरू म्हणतो मालक भरेल, मालक म्हणतो भाडेकरू. हा घोळ भाडेकरारात एक ओळ घालून आधीच मिटवा.

आणखी एक. फोनवरून 'स्वयंसेवक अग्निशामकांसाठी' पैसे मागणारा आवाज आला तर कार्ड नंबर देऊ नका. छोट्या दलाला फोनवर वसुली करणारी माणसं परवडत नाहीत. द्यायचेच असतील तर स्टेशनवर जाऊन चेक द्या.

पायरी ३: विमा कंपनीला फोन

फायर डिपार्टमेंटच्या कुवतीला १ ते १० असा वर्ग देणारी एक पद्धत अमेरिकेत विमा कंपन्या सर्रास वापरतात. तिला आयएसओचा वर्ग म्हणतात. १ म्हणजे उत्तम आणि १० म्हणजे जवळपास काहीच संरक्षण नाही. यात दोन अंतरं कळीची असतात. मान्यताप्राप्त स्टेशनपासून रस्त्याने ५ मैल आणि हायड्रंटपासून (बंबाला पाणी देणाऱ्या रस्त्याकडेच्या नळापासून) १,००० फूट. ५ मैलांच्या पलीकडे घर गेलं की ते सहसा १० मध्ये पडतं, मग विम्याचा हप्ता चांगलाच चढतो आणि काही कंपन्या तर घर विम्याला घेतच नाहीत. हे अंतर रस्त्याने मोजायचं. नकाशावर सरळ रेघ ओढून 'चारच मैल' म्हणाल तर उपयोग नाही, डोंगरातला रस्ता सहा मैल भरतो.

विमा कंपनीला विचारा, "तुमच्याकडे माझ्या घराला कोणतं दल आणि कोणता वर्ग नोंदवलाय?" चुकीची नोंद विरळा नसते. दुसरा प्रश्न आणखी मोलाचा: "पॉलिसीत फायर डिपार्टमेंट सर्व्हिस चार्ज आहे का आणि किती?" सर्वसाधारण एचओ-३ नमुन्याच्या पॉलिसीत तो ५०० डॉलर असतो. तुमचं घर ज्या शहराच्या किंवा संरक्षण डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे, त्यांचंच दल आलं तर तो लागू होत नाही. बाहेरच्या दलाने नंतर बिल पाठवलं तर उपयोगी पडतो. पण ते बिल हजारांत असतं, तेव्हा ५०० वर विसंबू नका.

दलाला मिळणाऱ्या पट्टीचं खरं समर्थनही याच आकड्यांत आहे. दल सुधारून वर्ग ९ चा ६ झाला तर विम्यात वाचणारी रक्कम कधीकधी पट्टीपेक्षा जास्त भरते. आपापल्या एजंटकडून दोन वर्गांचे दोन दर मागून घ्या आणि स्वतःच वजाबाकी करा.

पायरी ४: नाही भरले तर?

याचं उत्तर टेनेसीनेच साऱ्या देशाला दाखवलं. साउथ फुल्टन हे राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं छोटं शहर. त्याचं अग्निशमन दल शहराबाहेरच्या ओबायन काउंटीतल्या घरांनाही सेवा द्यायचं, वर्षाला ७५ डॉलर भरले तर. २९ सप्टेंबर २०१० ला बाहेरच्या एका घराजवळ कचरा जाळताना आग पसरली. घरमालकाने वर्गणी भरली नव्हती. तो फोनवर म्हणत राहिला की लागेल तेवढे देतो, पण दल आलं नाही. आग शेजाऱ्याच्या शेताच्या हद्दीला लागली तेव्हा मात्र आलं, कारण शेजाऱ्याने भरले होते. जवानांनी शेताची कड वाचवली आणि घर डोळ्यांदेखत जळू दिलं. २०११ च्या डिसेंबरात तिथेच पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या वर्षी शहराने धोरण बदललं: वर्गणी नसली तरी जायचं, मग हजारोंचं बिल लावायचं.

तेव्हा सगळ्यांनी त्या जवानांना शिव्या घातल्या. मला मात्र चूक रचनेत दिसते. आग लागल्यावर ७५ डॉलर घ्यायचे ठरले असते तर आग लागण्याआधी कोणी भरले असते? आणि कोणीच भरले नसते तर त्या रात्री बंबात डिझेल कुठून आलं असतं? ही वर्गणी आग विझवण्याची किंमत नाहीच. बंब वर्षभर भरलेला, चालू स्थितीत, दाराशी तोंड करून उभा राहतो, त्या उभं राहण्याचे हे पैसे आहेत. गणपतीची वर्गणी न देणाऱ्यालाही आपण प्रसाद देतो, कारण मोदक आधीच झालेले असतात. बंबाचं तसं नाही.

म्हणून तुमच्या दलाचं लेखी धोरण मागा. तीन प्रकार सापडतील. सगळीकडे जायचं आणि कोणाला बिल नाही. सगळीकडे जायचं आणि वर्गणी नसलेल्याला गाडीमागे, तासामागे बिल. किंवा जीव धोक्यात असेल तरच जायचं. तिसरा प्रकार अजून कुठे असेल तर त्या दलाच्या सभेला जाऊन बोला. विस्तवाला हद्द कळत नाही.

पायरी ५: पैसे जातात कुठे

सरावाच्या संध्याकाळी एकदा उभं राहून बघा. आमच्या भागात हायड्रंट नाहीत. पहिल्या गाडीच्या पोटात १,००० गॅलन पाणी. एक होज (पाण्याचा पाइप) मिनिटाला २५० गॅलन ओकतो. म्हणजे पाणी चार मिनिटांत संपलं. म्हणून मागून टँकर येतो. चर्चच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीचा हौद उघडतात (आपल्याकडे लग्नात पाण्यासाठी मांडतात त्याची मोठी आवृत्ती म्हणा), टँकर मागचं झाकण उघडून दोन-अडीच मिनिटांत सगळं पाणी त्यात ओततो आणि रिकामा होऊन ओढ्याकडे पळतो. तोवर पंप हौदातून ओढत असतो. टँकर परत येईपर्यंत हौदाचा तळ दिसू लागला की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हे काम एका दलाला झेपत नाही. शेजारच्या दोन दलांचे टँकर येतात, त्याला म्युच्युअल एड म्हणतात.

गावाकडे, सोलापूर जिल्ह्यात, कडब्याच्या गंजीला आग लागली की आमच्याकडे बंब यायचा तो साखर कारखान्याचा किंवा तालुक्याच्या नगरपरिषदेचा. येईपर्यंत राख. त्यामुळे दहा मैलांच्या परिघात तीन टँकर निघतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गप्पच झालो.

मग चीफने मला एका कोटाची आतली शिवण उलटून दाखवली. आत छोटं लेबल, त्यावर तयार झाल्याची तारीख. आगीत शिरायचा कोट-पँट नियमानुसार दहा वर्षांनी बाद करायचा, एकदाही आग पाहिली नसली तरी. त्या कोटावरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. नवा जोड काही हजार डॉलरला पडतो. पाठीवरचा हवेचा एअरपॅक त्याहून बराच महाग. त्याच्या कार्बन फायबरच्या सिलिंडरची दर पाच वर्षांनी दाबचाचणी होते आणि पंधरा वर्षांनी तो मोडीत जातो. होज दर वर्षी तपासायचा, पंपही. गाडी पंचवीस वर्षं ओढायची. शिवाय गाड्यांचा विमा आणि स्वयंसेवकांच्या दुखापतीचा विमा. बऱ्याच छोट्या दलांत मोठा चेक या विम्याचाच असतो.

पायरी ६: करविवरणात काय चालतं

हा प्रश्न पहिल्याच गेट-टुगेदरला येतो, म्हणून थोडक्यात. घराच्या किमतीवर बसणारा अग्निशमन कर हा मालमत्ता कर आहे. इतर मालमत्ता करांबरोबर, त्याच मर्यादेत, वजावटीत धरता येतो. ठरीव फी, म्हणजे आपली पाणीपट्टी, सेवेचं मोल असल्याने धरता येत नाही, ती कराच्या बिलावर छापलेली असली तरी. वर्गणीचंही तेच. मात्र ना-नफा स्वयंसेवी अग्निशमन दलाला दिलेली खरी देणगी आयआरएसच्या (केंद्रीय करखात्याच्या) धर्मादाय यादीत स्पष्ट शब्दांत आहे. १०० डॉलर वर्गणी आणि वर ५० डॉलर देणगी एकाच चेकने दिलीत तर पावतीवर दोन आकडे वेगळे लिहून घ्या.

पायरी ७: तुम्हाला खजिनदार केलं तर

हसू नका. संगणकावर काम करणारा माणूस सभेला दोनदा दिसला की तिसऱ्यांदा त्याला हिशेबाची वही देतात. मला दिली. आधी बुटांच्या खोक्यातल्या पावत्या निस्तरल्या आणि मग खरा प्रश्न समोर आला: फी किती ठेवायची आणि ती लावायची कोणी?

आधी अधिकार पाहा. स्वतः दलाला कर लावता येत नाही. तो काउंटीला किंवा कायद्याने बनलेल्या डिस्ट्रिक्टलाच लावता येतो आणि दर राज्याची वाट वेगळी. वेस्ट व्हर्जिनियात बाधित भागातल्या १० टक्के मतदारांच्या सह्यांच्या अर्जावर काउंटी कमिशन फी लावू शकतं. नॉर्थ कॅरोलिनात निवडणूक मागायलाच त्या भागात राहणाऱ्या ३५ टक्के जमीनमालकांच्या सह्या लागतात. टेक्सासात डिस्ट्रिक्टसाठी १०० मतदारांचा अर्ज पुरतो, पण ते करपात्र जमिनीचे मालक हवेत आणि पुढे निवडणूक आहेच. काउंटीच्या वकिलाला न विचारता पत्रकं छापू नका.

मग फी की कर, हा वाद. नाव 'फी' ठेवलं म्हणून ती फी होत नाही. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये लेक काउंटीच्या खटल्यात अग्निशमनाची आकारणी वैध ठरवली, कारण तिचा त्या मालमत्तेला खास लाभ होतो, आगीपासून बचाव आणि कमी विमाहप्ता. पण २००२ मध्ये त्याच न्यायालयाने रुग्णवाहिकेचा खर्च तशा आकारणीतून भागवायला मनाई केली. रुग्णवाहिका माणसाच्या कामाची, जमिनीच्या नव्हे! धडा असा की फीच्या ठरावात काय-काय मोडतं ते नेमकं लिहा. दलाचे बहुतेक कॉल आजारपणाचे आणि अपघाताचे असतात, म्हणून हा मुद्दा दिसतो तितका किरकोळ नाही.

कॅलिफोर्नियाने याचं मोठं उदाहरण घालून दिलं. २०११ मध्ये राज्याने आपल्या जबाबदारीच्या वनक्षेत्रातल्या प्रत्येक राहत्या इमारतीवर १५० डॉलरची फी लावली. स्थानिक दलाला आधीच पैसे देणाऱ्यांना ३५ डॉलर सूट. लोक चिडले ते फक्त रकमेवर नाही. पैसा आग विझवायला नव्हे तर प्रतिबंधाच्या कामांना जाणार होता, आणि ही फी नसून विधिमंडळातलं दोनतृतीयांश बहुमत चुकवून आणलेला कर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. खटले झाले. २०१७ मध्ये ती स्थगित झाली. आमच्या सभेत कोणी 'लोकांना कुठे कळतंय' म्हणालं की मी ही गोष्ट सांगतो.

आता आकडा. हे गणित नमुन्याचं आहे, रकमा तुमच्या दलाच्या घाला. गाड्यांचा आणि माणसांचा विमा २८,०००. डिझेल, दुरुस्ती, चाचण्या २४,०००. वीज आणि इमारत ११,०००. प्रशिक्षण आणि पेजर ९,०००. इथपर्यंत सगळेच लिहितात आणि इथेच थांबतात. पुढचं महत्त्वाचं: २४ कोट-पँट, ४,००० प्रमाणे, दहा वर्षांत विभागून वर्षाला ९,६००. १२ एअरपॅक, ८,००० प्रमाणे, पंधरा वर्षांत, म्हणून ६,४००. ६ लाखांचा बंब पंचवीस वर्षांत, वर्षाला २४,०००. साडेतीन लाखांचा टँकर, १४,०००. बेरीज १,२६,०००.

भागात १,८०० घरं असतील आणि सगळ्यांच्या कराच्या बिलावर फी आली तर घरामागे ७० डॉलर. हीच वर्गणी ठेवली आणि शंभरातल्या साठांनीच भरली तर तेवढ्याच पैशासाठी भरणाऱ्याला सुमारे ११७ डॉलर पडतात. म्हणजे प्रामाणिक माणूस शेजाऱ्याचे ४७ डॉलर भरतो. सभेत हा एक आकडा फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. ठरीव पट्टीच्या विरोधात एक मुद्दा मात्र खरा आहे: एकट्या विधवेच्या मोबाइल होमला आणि तळ्याकाठच्या बंगल्याला सारखेच ७० का? त्यावर इमारतीच्या आकाराचे तीन-चार टप्पे करता येतात, कोठारं आणि दुकानं वेगळी धरता येतात. टप्पे जितके जास्त तितकी भांडणं जास्त, म्हणून तीनावर थांबा.

जुन्या गाड्या आणि सामान बदलण्यासाठीच्या पैशांचं खातं वेगळं ठेवा. ते वेगळं नसेल तर एका वर्षी गिअरबॉक्स जातो आणि टँकरचे पैसे त्यात जातात. चेकवर दोघांच्या सह्या, बँकेचं विवरणपत्र तिसऱ्याने उघडायचं. ओळखीच्या माणसांत हे सांगायला जीभ अडखळते, पण स्वयंसेवी दलांतली अफरातफर ओळखीच्या माणसांतच होते. आयआरएसला ना-नफा संस्थांसाठीच्या फॉर्म ९९० च्या घराण्यातलं विवरण दर वर्षी जातं. जमा सहसा ५०,००० पर्यंत असेल तर नुसतं ई-पोस्टकार्ड (ऑनलाइन भरायचा छोटा फॉर्म) पुरतं. ते सलग तीन वर्षं चुकलं तर करमाफी आपोआप रद्द होते, आणि ई-पोस्टकार्ड चुकवणारी दलं आहेत.

केंद्र सरकारची मदत आहे: असिस्टन्स टू फायरफायटर्स ग्रँट. २०,००० पर्यंत वस्तीच्या दलाला त्यात ५ टक्के वाटा स्वतःचा घालावा लागतो. दोन लाखांच्या सामानाला साधारण दहा हजार. पण हे अनुदान डिझेलला मिळत नाही, दर वर्षी मिळत नाही, आणि पट्टीचं नियमित उत्पन्न नसेल तर तो ५ टक्क्यांचा वाटा तरी कुठून आणणार? ज्याच्याकडे थोडं आहे त्यालाच अनुदान धड वापरता येतं.

सभेची तारीख ठरली की तीन कागद टेबलावर ठेवा: गेल्या वर्षीचे जमाखर्च, कोट-पँटच्या तारखांची यादी आणि विम्याच्या दोन दरांचा तक्ता. बंबावर बसलेल्या पोरांचे फोटो नकोत, ते सगळ्यांनी पाहिलेत. प्रश्न हमखास एकच येतो: "आम्ही भरतो, पण तो कोपऱ्यावरचा भरत नाही, त्याचं काय?" त्याचं उत्तर फळ्यावरच्या ७० आणि ११७ मध्ये आहे.

पायरी ८: पैसे भरून झाले, आता वाट मोकळी करा

भरलेला टँकर २० टनांच्या घरात जातो. ड्राइव्हवेवरचा लाकडी पूल तेवढं पेलतो का? वर झुकलेल्या ओकच्या फांद्या? विजेचं फाटक असेल तर त्याचा कोड चीफकडे लिहून द्या. वीज गेली की फाटक हाताने कसं उघडतं ते आधी स्वतः शिका. तळं किंवा पोहण्याचा तलाव असेल तर तेही सांगा, त्याची नोंद करून ठेवतात.

आणि घराचा नंबर. पत्रपेटीवर स्टिकरने चिकटवलेला नंबर पावसात, धुरात, रात्री दिसत नाही. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या चमकत्या अंकांची पाटी हवी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी. आमच्याकडे ती स्टेशनवर शनिवारी सकाळी करून मिळते. खांब आणि खिळे आपले आणायचे, हातोडी त्यांच्याकडे आहे.